लाइलच्या गाडीचे पॉइंट

मी थापाड्या मेकॅनिक आहे हे आमच्या तालुक्यात शाळेतल्या पोरांनाही ठाऊक आहे. लाइल हॉस्टेटलरच्या गाडीचे पॉइंट मी असे लावले होते, की चालू इंजिनावर ठेवलेलं अंडं पिल्लू बाहेर येईपर्यंत हललं नाही. हे मी इतक्यांदा सांगितलं, की पुढे पुढे लोकच मला त्या पिल्लाचं नाव सांगू लागले.

गाडी एकोणसत्तर सालची. गडद हिरवी, दोन दारांची, आठ सिलिंडरची, सिग्नलला उभी राहिली तरी समोरच्याला धमकी दिल्यासारखी गुरगुरणारी. लाइलने ती नवी घेतली आणि पहिल्याच दिवशी मला बजावलं, "डेल, हिच्यात कारखान्यातलं आहे तेच राहील. एक स्क्रूसुद्धा बदलायचा नाही."

तिच्या डिस्ट्रिब्युटरवर माझं नाव झालं होतं. कुठल्या सिलिंडरला कधी ठिणगी द्यायची ते तो ठरवतो. आत पॉइंट असतात, दोन चिमुकली तोंडं उघडझाप करतात, आणि त्यांच्यातलं अंतर केसभर चुकलं तरी इंजिन खोकतं. मी ते कानाने लावतो, अशी माझी ख्याती. ती मीच पसरवलेली.

सतरा वर्षांनी डिस्ट्रिब्युटरचा दांडा झिजून डुगडुगायला लागला. अंतर लावावं, चार दिवसांनी गाडी पुन्हा खोकावी. "मला जमत नाही" एवढं म्हणायचं होतं. ते माझ्या तोंडातून कधी निघालेलं नाही. मी गुपचूप पॉइंट काढले आणि झाकणाखाली त्यांचंच काम करणारा इलेक्ट्रॉनिक ठोकळा बसवला. एका तारेच्या जागी दोन झाल्या, त्या काळ्या पट्टीत गुंडाळल्या. गाडी शिवणयंत्रासारखी चालायला लागली.

त्यानंतर दर एप्रिलला लाइल यायचा. एका हातात डोनटची पिशवी, दुसऱ्यात नव्या पॉइंटची डबी. मी म्हणायचो, "आत जाऊन कॉफी ठेव, मला कान लावायचेत." तो आत गेला की मी झाकण उघडायचो, फुंकर मारायचो, झाकण लावायचो आणि डबी कॉफीच्या जुन्या पत्र्याच्या डब्यात टाकायचो. असे एकतीस एप्रिल गेले.

एकतिसाव्या वर्षी नोव्हेंबरात लाइल गेला. मार्चमध्ये त्याची मुलगी डार्ला गाडी घेऊन माझ्या दारात.

"डेल काका, ऑगस्टच्या जत्रेत हिला उतरवायचंय. अस्सल गाड्यांच्या स्पर्धेत, सगळं मूळचंच लागतं तिथे. परीक्षक प्रत्येक झाकण उघडून बघतात म्हणे. आधी आपण बघू."

"मार्चमध्ये झाकण उघडत नाहीत गं. दमट हवेने ठिणगी रुसते."

"काका."

"माझा चष्मा..."

"तुमच्या नाकावर आहे."

तिला जिंकायचं नव्हतं. बापाने जवळजवळ पन्नास वर्षं जपलेली गाडी कुणीतरी नीट बघावी, एवढंच तिला हवं होतं. मी मात्र त्या झाकणाखाली तिच्या बापाला फसवून ठेवलं होतं.

मी उघडलं. ती बराच वेळ वाकून बघत राहिली.

"हे काळं काय आहे?"

माझ्याकडे सात थापा तयार होत्या. सातवी तर फारच सुंदर होती, तिच्यात वीज पडत होती. पण तिने बापासारखीच मान तिरकी केली आणि सातवीतली वीज विझली. मी सगळं सांगितलं. दांडा, ठोकळा, कॉफी, फुंकर. सांगताना मी फडक्याने हात पुसत होतो. हात स्वच्छच होते.

पुढच्या सीटवर बसून तिने समोरचा कप्पा उघडला आणि एक पिवळा पडलेला कागद काढून माझ्या हातात दिला. अठ्ठ्याऐंशी सालच्या जत्रेचा अर्ज. लाइलच्या ठसठशीत अक्षरात पूर्ण भरलेला. रंग मूळचा? हो. काचा? हो. इंजिन? हो. ठिणगीची व्यवस्था मूळची आहे का? तिथे नुसतीच रिकामी जागा. खाली सहीही नाही.

"मला वाटायचं, बाबांना कंटाळा आला असेल," डार्ला म्हणाली.

म्हणजे लाइलला ठोकळ्याचं कळलं होतं, आणि तो अर्जावरही खोटं लिहिणाऱ्यातला नव्हता. आणि खरं लिहिलं असतं तर सगळ्या तालुक्याने मला विचारलं असतं. म्हणून त्याने जत्राच सोडली, पण पुढेही दरवर्षी न चुकता डबी आणली. माझी गोष्ट चालू राहावी म्हणून तो आत जाऊन कॉफी ठेवत होता.

मी तो पत्र्याचा डबा टेबलावर उपडा केला. एकतीस डब्या, आणि तळाशी फडक्यात गुंडाळलेले मूळचे पॉइंट.

"हल्ली असा चांगला माल मिळत नाही," मी म्हणालो.

"एवढंच बोलायचंय तुम्हाला?"

"नाही. पण तेवढंच जमतंय."

ती फिसकन हसली आणि मग डोळे पुसत बसली.

तीन आठवडे आम्ही खपलो. डिस्ट्रिब्युटर पूर्ण उतरवला, दांडा झिजला होता तिथे पितळी बुश, म्हणजे त्याभोवतीच्या कड्या, बसवले, आतली वजनं आणि स्प्रिंगा घासून काढल्या. त्यावर कारखान्याने ठोकलेल्या आकड्यांना मात्र हात लावला नाही. पॉइंट डार्लाने लावले, माझे हात थरथरतात. अंतर मोजायला आगकाड्यांच्या पाकिटाचं जाड कव्हर. कान बिन काही नाही.

डिस्ट्रिब्युटर परत बसवायचं काम मात्र मी हट्टाने घेतलं, आणि अर्धा फेरा उलटा बसवला. डार्लाने चावी फिरवली, तशी कार्ब्युरेटरमधून हातभर जाळ निघाला आणि माझी डावी भुवई घेऊन गेला. आयुष्यात एवढी एकच गोष्ट मी जशी घडली तशी सांगतो, आणि तीच कुणाला पटत नाही.

दुसऱ्यांदा मात्र गाडी सुरू झाली. किंचित लंगडत, अस्सल गुरगुरत. डार्लाने नवा अर्ज भरला आणि त्या ओळीवर 'हो' लिहून पेन बराच वेळ तिथेच धरून ठेवलं.

जत्रेत गाडीला तिसरा नंबर मिळाला. पॉइंट खरे असले की झिजतात, त्यामुळे या एप्रिलला गाडी खोकत खोकत माझ्या दारात आली. डार्लाच्या हातात डोनटची पिशवी होती.

सवयीने मी म्हणालो, "आत जाऊन कॉफी ठेव."

तिने पिशवी माझ्या हातात दिली आणि बॉनेट वर उचललं.

"तुम्ही ठेवा, काका."