आता रिकामं म्हणजे रिकामं

मी एका जुन्या पिकअप गाडीचा डिझेलचा काटा आहे, मित्रांनो. तुमच्या करंगळीएवढी माझी लांबी. रंग एके काळी भडक नारिंगी होता, आता वाळलेल्या संत्र्याच्या सालीसारखा झाला आहे. माझी गाडी केव्हाच मोडीत गेली. मी मात्र माझ्या गोल काचेसकट एका गॅरेजच्या फळीवर अजून नोकरीत आहे. आयुष्यातली बारा वर्षे मी खोटे बोललो आणि त्या बारा वर्षांत माझ्या खोट्याने कोणाचे काडीचेही नुकसान झाले नाही. मग एके दिवशी खरे बोललो आणि दीड हजार जीव टांगणीला लागले. हे कसे घडले ते ऐका.

माझा जन्म कारखान्यातल्या एका लांब टेबलावर झाला. एका बाईंनी मला चिमट्याने उचलून आसावर बसवले आणि हळूच फुंकर मारली. मी हललो आणि परत जागेवर आलो. "हा गुणी आहे," असे शेजारणीला म्हणून त्यांनी माझ्यावर काच बसवली. मी गुणी होतोच. पण काट्याचा गुण त्याच्या एकट्याचा नसतो. मी टाकीत कधी डोकावलेलो नाही. टाकीत माझा जोडीदार असतो, तरंगा. डिझेलवर तो तरंगतो, डिझेल उतरले की उतरतो, आणि एका दांडीच्या टोकाला राहून जे कळेल ते तारेतून मला कळवतो. मी ते गाडी चालवणाऱ्याला सांगतो. म्हणजे मी निरोप्या आहे. निरोप चुकीचा आला तर निरोप्याने काय करावे?

आमची गाडी तात्यांच्या हाती आली. तात्या अंडी उबवण्याच्या केंद्रातून एक दिवसाची पिल्ले कोंबड्यांच्या शेडवर पोहोचवत. भोके पाडलेले डबे, एका डब्यात शंभर पिल्ले, असे पंधरा डबे. गाडी चालती आहे तोवर त्यांना वारा लागतो. उन्हात थांबली की डबा म्हणजे भट्टी. म्हणून तात्यांचा एकच नेम होता, भरलेली गाडी वाटेत थांबवायची नाही. फोन वाजला तरी नाही. फोन समोरच्या कप्प्यात टाकून ते कप्पा बंद करत. "फोनवाल्याला थांबता येतं, पिल्लाला येत नाही," असे ते म्हणत.

सात वर्षे मी चोख काम केले. मग टाकी धुण्यासाठी कोणा कारागिराने तरंगा बाहेर काढला आणि जेवायच्या घाईत दांडी वाकडी करून परत बसवली. त्या दिवसापासून टाकीत जेवढे असेल त्याहून पाव टाकी कमी असा निरोप मला येऊ लागला. टाकी काठोकाठ भरली तरी मी पाऊणवर. पाव टाकी शिल्लक असली तरी मी तळाच्या लाल रेघेवर आडवा.

दुसऱ्या कोणी मला शिव्या घातल्या असत्या. तात्यांनी मला समजून घेतले. पंधरा दिवस त्यांनी मागे डिझेलचा कॅन ठेवला आणि रोज सकाळी गाडीखाली वाकून पान्याने टाकीवर वरून खाली टकटक केली. डिझेल असते तिथे आवाज दबका येतो, नसते तिथे घुमतो. आवाज कुठे बदलतो ते बघायचे आणि वर येऊन मी काय म्हणतो ते बघायचे. पंधरा दिवसांत त्यांनी माझी नाडी ओळखली. चढावर मी पडतो, उतारावर फुगतो, म्हणून मला सपाटीवरच विचारायचे. आणि मी लाल रेघेवर टेकलो तरी पुढे ऐंशी किलोमीटर निर्धास्त जायचे. हे सगळे त्यांच्या डोक्यात. तात्यांना अंक येत होते, अक्षरे येत नव्हती, त्यामुळे कुठे लिहून ठेवायचा प्रश्नच नव्हता.

शेजारी बसलेल्या नव्या माणसाची मात्र भंबेरी उडायची.

"अहो तात्या, काटा खाली टेकला!"

"टेकू दे. वय झालंय त्याचं."

"डिझेल संपलंय, तात्या!"

"तो रोजच म्हणतो असं. तुझी बायको माहेरी जाते म्हणते, जाते का?"

अशी बारा वर्षे गेली. एकूण एकोणीस वर्षांत तात्यांची गाडी डिझेलवाचून एकदाही रस्त्यात उभी राहिली नाही. लोक म्हणत, "तात्यांची गाडी वाऱ्यावर चालते." ते ऐकून मला लाज वाटे आणि तात्यांचा अभिमानही वाटे. खोट्या काट्याकडून खरे काढून घेणारा माणूस मी दुसरा पाहिला नाही. एक गोष्ट मात्र हळूहळू सुटली. पहिल्यासारखी टाकीवर टकटक करणे त्यांनी सोडून दिले. गरजच उरली नव्हती. माझ्या खोट्यावर त्यांचा पक्का विश्वास बसला होता.

तात्यांच्या मुलीला सगळे छोटी म्हणत. छोटी चोवीस वर्षांची होती आणि ट्रकचे चाक एकटी उतरवत असे. तीन वर्षे दुसऱ्याकडे काम शिकून तिने घराच्या बाजूच्या पत्र्याच्या खोलीत स्वतःचे गॅरेज थाटले होते. गिऱ्हाईक बेताचेच. आलेले गिऱ्हाईकही आमच्या गाडीत डोकावून हसून जाई. एकजण तर तोंडावर म्हणाला, "बापाच्या गाडीचा काटा मेलेला आणि पोरगी निघाली जगाच्या गाड्या दुरुस्त करायला. दिव्याखाली अंधार!"

छोटीने हातातला पाना पुसून ठेवला. पण दुसऱ्याच दिवशी दुपारी तात्या डोळे तपासायला गेले आणि ती आमच्या टाकीखाली शिरली. तात्यांना न सांगता करायचे आणि सकाळी चहाच्या वेळी दाखवून चकित करायचे, असा तिचा बेत होता. काम तिने अगदी देखणे केले. टाकीतले अठरा लिटर डिझेल कॅनमध्ये काढले. टाकी धुतली. वाकडी दांडी नुसती ठोकून सरळ केली नाही, नवी आणून बसवली. मग सहा लिटर डिझेल फडक्यातून गाळून परत ओतले आणि किल्ली फिरवून माझ्याकडे पाहिले. बारा वर्षांनी मला खरा निरोप आला! मी थरथरत उठलो आणि लाल रेघेच्या जरा वर, बरोबर सहा लिटरवर थांबलो.

"शाब्बास रे बाबा," छोटी मला म्हणाली.

उरलेल्या बारा लिटरमध्ये गंज फार होता. रात्रभर गाळ खाली बसू दे, सकाळी वरचे ओतू, असे म्हणून तिने कॅन कोपऱ्यात ठेवला.

आता मित्रांनो, नीट लक्ष द्या. आमची पाव टाकी म्हणजे बारा लिटर. दुपारी काम सुरू होण्याआधी टाकीत अठरा लिटर होते तेव्हा मी खोटे बोलून जिथे उभा होतो, आता सहा लिटरवर खरे बोलूनही मी नेमका तिथेच उभा होतो.

पहाटे केंद्रातून फोन आला. आज ऊन कडक पडणार आहे, पिल्ले लवकर न्या. छोटी झोपली होती. तात्यांनी तिला उठवले नाही. त्यांनी किल्ली फिरवली, माझ्याकडे एक नजर टाकली आणि मान हलवली. मी कालच्याच जागी होतो. त्यांच्या हिशोबाने माझ्या जागेचा अर्थ अठरा लिटर. जायचे होते नव्वद किलोमीटर. जाऊन निम्म्या वाटेने परत यायलाही पुरले असते. मला ओरडावेसे वाटले, पण काट्याला ओरडता येत नाही. त्याला फक्त दाखवता येते.

पिल्ले चढली. त्यांचा चिवचिवाट मागून सारखा येत होता. ऊन चढत गेले. साठ किलोमीटरवर मी लाल रेघेवर टेकलो. तात्या हसले. "आलास का घरी? बस आता निवांत," ते म्हणाले. पुढच्या वळणावर इंजिनाने दोन आचके दिले आणि गाडी थांबली.

एकोणीस वर्षांत पहिल्यांदा.

तात्यांनी दोनदा किल्ली फिरवली. मग ते उतरले, खाली वाकले आणि पान्याने टाकी वाजवली. वरपासून तळापर्यंत नुसती घुमली. त्यांचा चेहरा मला दिसला नाही, पण पाना खाली ठेवतानाचा आवाज आला, तो फार हळू होता.

त्यांनी कप्पा उघडून फोन काढला. छोटीचे सात फोन येऊन गेले होते. त्यांनी लावला.

"तात्या!" पलीकडून छोटी धापा टाकत होती. "थांबू नका कुठे, पंपावर जा आधी! मी काटा दुरुस्त केलाय काल. टाकीत सहाच लिटर आहे."

"थांबलोय."

ती म्हणाली, "कॅन घेऊन स्कूटरवर निघालेय मी. तीस किलोमीटर मागे आहे. पिल्लं..."

"पिल्लांचं मी बघतो. तू स्कूटर सावकाश चालव," तात्या म्हणाले आणि फोन ठेवला.

रस्त्याच्या कडेला एकच दुकान होते, पंखे दुरुस्त करणाऱ्याचे. पंखेवाला दारात बसून तारेवरचे वेष्टण सोलत होता.

"भाऊ, तुमच्याकडे चालू पंखे किती?" तात्यांनी विचारले.

"विकायचे नाहीत, लोकांचे आहेत."

"विकत नकोत. दीड हजार पाहुणे आहेत माझ्याकडे, घामाघूम झालेत."

पंखेवाल्याने गाडीकडे पाहिले, मागून येणारा चिवचिवाट ऐकला आणि हातातली तार टाकून उठला. "आधी नाही का सांगायचं! उचला."

दोघांनी मिळून पंधरा डबे आत नेले. तात्यांनी एकावर एक ठेवू दिले नाहीत, फरशीवर सुटे मांडले, झाकणे उघडली. पंखेवाल्याने दुरुस्त झालेले अकरा पंखे एकदम लावले आणि पिल्लांकडे वळवले.

"पिल्लांवर नको, भिंतीकडे करा तोंड," तात्या म्हणाले. "झोत सोसायचा नाही त्यांना. खोलीतली हवा फिरली की पुरे."

"पंखा भिंतीला वारा घालणार? माझ्या दुकानाची अब्रू घालवाल!" असे म्हणत त्याने एकेक पंखा वळवला. हळूहळू चोच उघडून पडलेली पिल्ले माना उचलू लागली. तात्या बोटाने चोचीला पाणी लावत डब्याडब्यातून फिरत होते. हे मला पुढे त्यांच्याच बोलण्यातून कळले. मी बाहेर गाडीत होतो, लाल रेघेवर, खरा आणि निरुपयोगी.

छोटी आली तेव्हा तिचे डोळे लाल झाले होते. धुळीने की कशाने, कोण जाणे. निघतानाच गाळ न ढवळता वरचे डिझेल तिने दुसऱ्या कॅनमध्ये घेतले होते, ते फडक्यातून गाळून ओतले. पण डिझेलची गाडी एकदा कोरडी झाली की नुसते ओतून चालू होत नाही, नळीत हवा शिरते. छोटीने पेच सैल केला, हातपंप दाबत राहिली, फेस आला, बुडबुडे आले, मग स्वच्छ धार आली तेव्हा पेच आवळला. पहिल्या किल्लीला गाडी बोलली. पंखेवाला बघत राहिला. "पोरगी तुमची?" त्याने विचारले. "उद्या माझा टेम्पो पाठवतो तिच्याकडे."

डबे पुन्हा चढवताना छोटीचा बांध फुटला. "माझ्यामुळे झालं, तात्या. एकोणीस वर्षांचं तुमचं नाव मी एका दुपारात घालवलं."

"काटा काय म्हणत होता?" तात्यांनी विचारले.

"रिकामी."

"टाकी कशी होती?"

"रिकामी."

"मग खोटं कोण बोललं? तू काटा चांगला केलास. मीच जुना राहिलो." शेवटचा डबा आत सरकवत ते म्हणाले, "पण पोरी, माणूस ज्याला टेकून बसलाय ती वस्तू हलवायची तर त्याला आधी हाक मारावी."

तीस किलोमीटरवर शेडवाल्या बाई वाट पाहत होत्या. चार पिल्ले दगावली होती. बाईंनी विचारायच्या आधीच तात्यांनी ती चार वेगळी काढून दाखवली आणि काय झाले ते सांगितले. बाई म्हणाल्या, "आजच्या उन्हात न थांबता आलेल्या गाड्यांतसुद्धा याहून जास्त जातात. पुढची पिल्लं तुम्हीच आणा."

घरी आल्यावर छोटी म्हणाली, यापुढे गाडीचे जे काम करेन ते कागदावर लिहून काचेखाली चिकटवेन. तात्या म्हणाले, "आणि मी वाचणार कसं? काट्यासारखं टक लावून?" मग स्वतःच म्हणाले, "शिकव मग." त्या वेळी तात्यांचे वय बासष्ट होते. संध्याकाळी गॅरेज बंद झाले की आडव्या टायरवर पाटी ठेवून बापलेक बसत. ज्या हाताने वळणावळणाच्या घाटात डब्यातले एक पिल्लू कलंडू दिले नाही, तो हात एका अक्षराच्या वळणावर अडत असे. पण तात्या मला समजून घेताना थकले नव्हते, अक्षरांपुढे कसे थकतील?

आता तात्या गाडी चालवत नाहीत. छोटीचे गॅरेज मोठे झाले आहे. कोणाच्या तरंग्याची परीक्षा घ्यायची असली की ती त्याची तार मला जोडते, आणि मी सांगतो तो खरा की खोटा. नव्या पिकअप येतात, त्यांच्या पडद्यावर काट्याऐवजी आकडा असतो, अजून इतके किलोमीटर जाल म्हणून. मालक तक्रार करतात, आकडा फसवा आहे. छोटी त्यांना सांगते, "तो कालच्या रस्त्यावरून आजचं सांगतो. काल मोकळी गाडी सपाटीला होती, आज भरून घाट चढताय. त्याला काय माहीत? तुम्हाला माहीत आहे ना?"

मित्रांनो, तुमच्या घरातही एखादे घड्याळ पाच मिनिटे पुढे असेल, एखादी कडी उचलून लावावी लागत असेल. त्यांना नावे ठेवू नका, त्यांची खोड ओळखा. जमले तर दुरुस्त जरूर करा. पण केलीत की घरात मोठ्याने सांगा.

माझ्या काचेखाली एक कागदाची पट्टी चिकटवलेली आहे. तेलाच्या बोटांनी ती काळपट झाली आहे. तात्यांनी आपल्या हाताने लिहिलेले ते पहिले वाक्य, लिहायला त्यांना एक अख्खी दुपार लागली. गाडी मोडीत गेली त्या दिवशी छोटीने मला पट्टीसकट सोडवून आणले. त्यावर लिहिले आहे:

"काटा छोटीने नीट केला. आता रिकामं म्हणजे रिकामं."