माळ्यावर राहिलेला रिपोर्ट

मी एक जुनी, हिरव्या पुठ्ठ्याची फाईल आहे. अप्पा बळवंत चौकातल्या दुकानातून वैष्णवीने मला बिबवेवाडीला आणले आणि माझ्यावर सुबक अक्षरात स्वतःचे नाव लिहिले. मित्रांनो, तिला आई व्हायचे होते. प्रयोगशाळेत तयार झालेला गर्भ तिच्या गर्भाशयात सोडायचा, असे उपचार चालू होते. सोनोग्राफीचे फोटो, रक्ताचे रिपोर्ट, औषधांच्या चिठ्ठ्या मी तारीखवार जपल्या. "वा, किती व्यवस्थित!" असे डॉक्टर म्हणाले की माझा पुठ्ठा ताठ व्हायचा.

दोनदा गर्भ सोडला, दोन्ही वेळा रुजला नाही. मग डॉक्टरांनी गर्भाशयाच्या अस्तराचा तुकडा तपासायला पाठवला. रिपोर्ट येईपर्यंत घरच्यांनी दवाखाना बदलायचे ठरवले होते. वैष्णवीचा नवरा विश्वजीत मार्केट यार्डात फळांचा व्यापारी. लिलाव आटोपून येताना त्याने लॅबचे पाकीट घेतले आणि न उघडताच माझ्यात सरकवले.

सासूबाई, प्रेमलाबाई, मायाळू होत्या, पण म्हणाल्या, "अपयशाची फाईल नव्या ठिकाणी न्यायची नाही. अपशकुन होतो." मी माळ्यावर गेले. नवी लाल फाईल आली. नव्या दवाखान्यात तिसरा गर्भही रुजला नाही. गोठवलेला एकच गर्भ उरला. "यानंतर पुन्हा नाही," वैष्णवीने सांगून टाकले.

मग सगळे तिसऱ्या दवाखान्यात, स्वारगेटजवळच्या डॉ. उल्कांकडे गेले; तिथे काय घडले, ते मला लाल फाईलने सांगितले.

"आधीचे कागद?"

"माळ्यावर आहेत," वैष्णवी हळूच म्हणाली.

"अहो डॉक्टर, त्यात नुसतं अपयश आहे," प्रेमलाबाई म्हणाल्या.

"मला तेच वाचायचंय. यश आलं असतं तर आपण इथे कशाला आला असता?"

त्या संध्याकाळी प्रेमलाबाई स्वतः स्टुलावर चढल्या. पदराने माझी धूळ पुसली.

डॉक्टरांनी पाकीट फोडले. अस्तराला जुनाट सूज होती. वर्षभर कुणालाच पत्ता नव्हता! "गर्भ सोडायची घाई नको," त्या म्हणाल्या. "आधी अँटिबायोटिक, मग पुन्हा तुकडा तपासू. दुर्बिणीने गर्भाशय बघू. दोघांची गुणसूत्रं आणि हिचं थायरॉईडही."

"मग नक्की रुजेल?" विश्वजीतने विचारले.

"नक्की म्हणणारा डॉक्टर भेटला तर मला पत्ता द्या."

बाकीच्या तपासण्या चांगल्या आल्या. दुसऱ्या रिपोर्टमध्ये सूज नव्हती. शेवटचा गर्भ सोडला. चौदा दिवसांनी रक्ताचा रिपोर्ट आला, पुढे सोनोग्राफी झाली, आणि पडद्यावर एक इवलासा ठिपका लुकलुकला. हृदय! वैष्णवी रडत हसत होती.

परतताना रिक्षावाला म्हणाला, "मावशी, फाईल द्या, मागे ठेवतो."

"मागे नाही. ही माझ्या मांडीवर बसणार," प्रेमलाबाई म्हणाल्या.

मित्रांनो, उपचारांत हार झाली म्हणून त्यांचे कागद लपवू नका. ते उघडा, वाचा आणि नव्या डॉक्टरांपुढे सगळ्यात आधी ठेवा. माझ्यात आता एकाच कागदापुरती जागा होती. महिने भरले आणि एका मंगळवारी तो आला. आत ठेवण्याआधी प्रेमलाबाईंनी साऱ्या वॉर्डला ऐकू जाईल असा वाचला: "मुलगी. दोन किलो नऊशे ग्रॅम. प्रकृती उत्तम!"