तीन फोन, एकच तक्रार

दत्तात्रेयने चौथा फोन आणला, आणि हेमाच्या मनात पाल चुकचुकली.

हा माणूस म्हणजे एक चप्पल तीनदा शिवून घेणारा. पहिला फोन त्याने सात वर्षं वापरला, काच तडकली तर वरून चिकटपट्टी लावून. दुसरा मात्र दोनच वर्षांत बदलला. तिसऱ्याला तर अकरा महिनेही धड झाले नव्हते. दरवेळी तक्रार एकच, आवाज येत नाही, स्पीकर गेला. तो कामाला जाई त्या लोटे गावच्या रसायन कारखान्यांची हवा म्हणे फोनचे स्पीकर खाते. कंपनीच्या बसमधले सगळेच तसं म्हणायचे, म्हणून आधी दोनदा हेमाने मान डोलावली होती. पण अकरा महिन्यांत फोन बदलतात ती कॉलेजातली पोरं, नाहीतर ज्यांना काही लपवायचं असतं ती माणसं. दत्तात्रेय एकोणपन्नास वर्षांचा होता. मग उरलं काय, हे हेमाला कुणी सांगायला नको होतं.

एकदा संशय घरात शिरला की त्याला बसायला पाट मांडावा लागत नाही. खेडला बसमधून उतरून घरी आला की दत्तात्रेय पडवीत बसून टाइप करत राही. कुणाचा फोन आला तर उचलत नसे, कापून मेसेज करी. लेक सावनी रत्नागिरीला हॉस्टेलवर होती, तिचाही फोन कापी. हेमा चहा घेऊन मागून गेली की असा दचके की फोन हातातून निसटे. बावीस वर्षं संसार केलेला माणूस स्वतःच्या बायकोला बघून दचकतो कशाला?

एकदा तिने स्वयंपाकघरातूनच विचारून टाकलं, "कोण आहे ती?"

"हो, उद्या आणतो," तो पडवीतून म्हणाला.

बघा, किती साळसूदपणे विषय टाळला. त्या दिवशी हेमाने आमटीत मीठ घातलं की नाही, तिलाच आठवेना.

शनिवारी तिने ड्रॉवरमधले तिन्ही जुने फोन पिशवीत घातले आणि स्टँडजवळ लवूच्या दुकानात नेले. लवू फोन दुरुस्त करण्यात वाकबगार. त्याने तिन्ही चार्जिंगला लावले आणि एकामागून एक गाणी वाजवली. बाहेर रिक्षाची वाट बघणारी माणसं वळून बघायला लागली.

"वहिनी, ह्यांना काय धाड भरली नाय," तो म्हणाला. "तिघांचेपण स्पीकर ठणठणीत. कोण बोललं तुम्हाला गेलेत म्हणून?"

कोण बोललं ते हेमाने सांगितलं नाही. नवरा तीनदा खोटं बोलला, हे लवूला कशाला कळायला हवं? घरापर्यंतच्या वाटेवर तिने वाक्यं जुळवली, मोडली, पुन्हा जुळवली. सावनीला काय सांगायचं, तेही ठरवून टाकलं.

दत्तात्रेय पडवीत पाठमोरा बसला होता, अंगठे चाललेच होते.

"खोटं बोललात तुम्ही," हेमा त्याच्या मागे उभी राहून म्हणाली. "तिन्ही फोन चांगले आहेत."

तो वळला नाही. कोडगा, तिला वाटलं. संतापाने तिने पिशवीतला एक फोन काढला, आवाज पुरता वाढवला आणि रिंग लावून त्याच्या डोक्यामागे धरला. कुंपणाच्या दगडी गडग्यापलीकडून शेजारच्या यमुनाबाईंनी डोकं वर काढलं. दत्तात्रेयचे अंगठे चालतच राहिले. त्याच्या खांद्यावरून हेमाला फोनचा पडदा दिसला. वर सावनीचं नाव, खाली त्याने लिहिलेलं, "ह्या फोनचापण आवाज जायला लागलाय गो. मेसेजच कर."

हेमाने रिंग बंद केली.

लोट्याची हवा. पण कंपनीत फोन आत नेऊ देत नाहीत. गेटवर लाकडी खणात ठेवायचा आणि पितळी बिल्ला घ्यायचा. त्या बिल्ल्यासाठी हेमानेच त्याच्या प्रत्येक पँटला आतून खिसा शिवून दिला होता. आठ तास फोन सावलीत निवांत पडून असे. आत, त्या धडधडणाऱ्या कॉम्प्रेसरपाशी, बावीस वर्षं जात होता तो.

तिला आपली लाज वाटली आणि त्याहून जास्त भीती वाटली. सवत असती तर झिंज्या उपटता आल्या असत्या. पुढच्या महिन्यात कंपनीत कामगारांची वैद्यकीय तपासणी होती. आत धोक्याचा भोंगा वाजला तर ह्याला कळणार कसं? आजवर वाजला नव्हता, की वाजला होता?

तिने त्याच्या खांद्यावर हात ठेवला. तो दचकला, वळला, आणि तिच्या हातातला फोन बघून त्याचा चेहरा एकदम उजळला.

"झाला काय गो दुरुस्त?"

हेमा फिरून त्याच्या समोर आली आणि पायरीवर बसली. त्याची नजर तिच्या डोळ्यांवर नव्हती, ओठांवर होती. हे तिला आजवर दिसलंच नव्हतं.

"फोन चांगलेच होते," ती सावकाश म्हणाली. "तिन्ही."

दत्तात्रेयने हातातल्या चौथ्या फोनकडे बराच वेळ बघितलं. मग तो बंद करून खिशात ठेवला.

"मला वाटलंच होतं," तो म्हणाला.