काठ्यांच्या पलीकडे

'मॅडम, एकदा जागेवर जाऊन बघा ना,' असं कोणी म्हटलं की माझं डोकंच सटकतं. मग उपग्रह कशाला सोडलेत? पवईच्या ऑफिसात बसून मी उपनगरातल्या एकोणतीस छोट्या तळ्यांवर नजर ठेवते. नकाशावर पाणी निळं, जमीन हिरवी. मुलुंडच्या गावठाणातलं तळं तीन महिने सलग हिरवं येत होतं. म्हणजे आटलं, झालं! खात्रीसाठी ड्रोन उडवला, तोही रस्त्यावरूनच, आत डासांनी फोडून काढलं असतं. फोटोत गवतासारखं हिरवं दिसलं आणि ओळीने रोवलेल्या बांबूच्या काठ्या. मी अहवालात लिहिलं, कोरडी जमीन, कुंपण घातलेली. 'प्रत्यक्ष पाहणी केली' या चौकटीतही खूण करून टाकली.

त्या अहवालावर सपाटीकरणाचं काम निघालं. पोकलेन चालवायला लागला नेमका माझा धाकटा भाऊ, देवेश. दोघं एकाच कामावर म्हणून आई केवढी खूश.

आज काम सुरू झाल्याचे फोटो काढायला मी गेले. ड्रोन वर पाठवला. काठावर क्लेमेंट अंकल जाळं विणत बसले होते, गावठाणातले जुने मासेमार. आटलेल्या तळ्यावर जाळं कशाला, असं मी थट्टेनं विचारलं. ते उठून माझ्या स्क्रीनवर वाकले. पोकलेन भरावावरून उतरून काठ्यांकडे चाललं होतं.

"बाय, तिकडे कोणाला पाठवलंस?"

कुंपणाच्या आतलं सपाट करायचंय, मी सांगितलं.

"ते कुंपण नाय. माणूस बुडालं का आमी तिथं काठी रोवतो, पुढं कोणी जाऊ नये म्हणून. वरती जलपर्णी हाय. खाली ठाव नाय लागत."

मी फोन लावला, पुन्हा लावला. देवेशने तिसऱ्या वेळी फोन उचलला. मागे घे, खाली पाणी आहे, मी ओरडत होते. तो हसला.

"ताई, तुझाच नकाशा समोर लावलाय. तू लिहिलंयस म्हणजे कोरडंच असणार. उगाच काय घाबरतेस?"

"देव्या, मी गेलेच नव्हते रे तिथे. खोटं लिहिलं मी."

इंजिन बंद केल्याचं फोनवर ऐकू आलं. पण पोकलेनचे पट्टे काठ्या ओलांडून गेले होते. स्क्रीनवर हिरवं एका बाजूला कललं, फाटलं, आतून काळं पाणी वर आलं. केबिन दाराच्या बाजूवर आडवी झाली, दार खाली दबलं. थोड्या वेळानं तिथे नुसती जलपर्णी उरली, सगळीकडे सारखी.

अंकलनी होडी पाण्यात लोटली होती. मी गुडघाभर चिखलात उतरून त्यांना हाताने दाखवत होते, तिकडे, तिकडे. ते वल्ह्याने जलपर्णी बाजूला सारत होते आणि ती पुन्हा होडीसमोर येत होती.