पेटीवर गोपीनाथबुवा

सोमवारी सकाळी साडेनऊला मी आमच्या स्वयंपाकघरात नाचले. वय वर्षं सहासष्ट, हातात भिजवलेल्या पोह्यांची चाळणी आणि समोर सून तोंडावर हात ठेवून उभी. खोटं कशाला सांगू? नाचलेच. निम्मे पोहे खाली सांडले, ते नंतर दोघींनी मिळून गोळा केले.

झालं असं की मॉरिशसहून मेल आला होता. तिथल्या मराठी लोकांच्या गणपती मंदिराने तीन वर्षांपूर्वी आम्हां दोघांना चार महिन्यांच्या सेवेला बोलावलं होतं. आमचे हे म्हणजे गोपीनाथबुवा. राऊ गावच्या एका शाळेतून संस्कृतचे मास्तर म्हणून रिटायर झाले आणि पस्तीस वर्षं कीर्तन करतायत. तिथे चार महिने ह्यांनी कीर्तनं केली आणि मी चार महिने मोदक वळले. आता पुन्हा बोलावणं येणार म्हणून ह्यांनी पासपोर्ट रिन्यू केला होता, नवा अंगरखा शिवायला टाकला होता, जो भेटेल त्याला सांगूनही झालं होतं. मेलचं काम आमच्या यामिनीकडे, म्हणजे सुनेकडे. तिने मोबाइल माझ्यापुढे धरला. "आई, ये तो आपके लिए है. मतलब, कीर्तनाला तुम्हाला बोलावलंय. बाबांना नाही."

"चष्मा आण," मी म्हटलं. वाचलं. परत वाचलं. आणि मग तो नाच.

मागच्या खेपेला एक दिवस ह्यांचा घसा बसला होता. पार बसला, तोंडातून नुसती हवा. समोर तीनशे माणसं येऊन बसलेली. मी पदराला हात पुसत मुदपाकखान्यातून बाहेर आले आणि द्रौपदीच्या थाळीचं आख्यान लावलं. ह्यांच्या मागे झांज घेऊन जन्म गेला माझा, पाठ नसायला काय झालं? सगळ्यांची जेवणं उरकून द्रौपदीने थाळी घासून पालथी घातलीय, आणि तेवढ्यात दुर्वास ऋषी शेकडो शिष्य घेऊन दारात हजर! ते दुःख कुठल्या बाईला समजावून सांगावं लागतं हो? तिथल्या बायका हसल्या काय, रडल्या काय. तो पाऊण तास मी लग्नात नव्हते इतकी खूश होते. दुसऱ्या दिवशी ह्यांचा घसा सुटला आणि मी परत मोदकांपाशी. त्याबद्दल घरात पुढे अवाक्षर निघालं नाही.

आणि आता त्याच बायकांनी हट्ट धरला होता की या वर्षी कीर्तन अंबिकाबाईंचं, म्हणजे माझं, हवं. बुवांनी पेटीची साथ करावी. शेवटची ओळ अशी की दोघंही येणार असाल तरच शुक्रवारपर्यंत कळवा, नाहीतर आम्हाला दुसरं कुणी बघावं लागेल.

इथे माझा नाच थांबला. पेटी ह्यांना उत्तम येते. पण बायकोच्या मागे बसून वाजवायची? हे? ज्यांनी उभ्या जन्मात स्टेजवर मधली जागा सोडली नाही?

"बाबांना कौन बताएगा?" यामिनीने विचारलं.

"मी सांगणार. आजच्या आज."

कसलं आजच्या आज! सोमवारी हे शिंप्याकडून आले ते अंगरखा घालूनच. आरशापुढे उभं राहून मागून कसा दिसतो ते मलाच विचारत होते. मी "छान" म्हटलं आणि देवघरात जाऊन बसले. मंगळवारी ह्यांनी चोवीस आख्यानांचे कागद सोफ्यावर, पलंगावर, फ्रिजवर मांडले. मी म्हटलं, "अहो, ऐका ना जरा." तर म्हणाले, "आधी तू ऐक, हे नवीन बसवलंय." अर्धा तास ऐकलं. बुधवारी मी गरमागरम कचोऱ्या आणून समोर ठेवल्या, म्हटलं खुशीत असतील तेव्हा सांगू. दोन कचोऱ्या खाऊन हे बोट चाटत म्हणाले, "या वेळी मोदकांत नारळ जरा बेतानं घाल हं, तिथे लोकांना जड होतं."

अस्सा राग आला म्हणून सांगू! तिसरी कचोरी त्यांच्या पुढ्यातून उचलून मीच खाल्ली. पण सांगितलं काही नाही. भीती होती, आणि त्याहून वाईट म्हणजे सारखं हसू येत होतं. न्हाणीघरात नळ सोडून मी द्रौपदी म्हणत होते. देवांश, आमचा नातू, बाहेरून दार वाजवून विचारायचा, "आजी, अंदर कौन है तेरे साथ?"

गुरुवारी संध्याकाळी सुदामा नगरातल्या दत्त मंदिरात ह्यांचं निरोपाचं कीर्तन ठेवलेलं. हॉल गच्च. पेटीवर आमची शेजारीण मनोरमा, मी मागे झांज घेऊन. पूर्वरंगात, म्हणजे कीर्तनाच्या पहिल्या भागात, हे खरंच फार सुंदर बोलले. मी ठरवून टाकलं की घरी गेल्यावर चपला काढायच्या आधी सांगायचं. मग मध्यंतर झालं. मंदिराचे अध्यक्ष जयसिंगराव उठले, ह्यांना बुक्का लावला, गळ्यात हार घातला आणि माइक हातात घेऊन खिशातून मोबाइल काढला.

"मंडळी, बढिया खबर आहे! मॉरिशसवाल्यांनी पोस्टरचा कच्चा नमुना पाठवलाय, होकार आला की छापणार म्हणे. वाचून दाखवतो. कीर्तनकार, सौ. अंबिकाबाई! पेटीवर, गोपीनाथबुवा! क्या बात है, जोडी नंबर एक! टाळ्या!"

लोकांनी टाळ्या वाजवल्या. माझ्या हातातली झांज खाली पडली आणि गोल गोल फिरत पार ह्यांच्या पायापाशी जाऊन आडवी झाली. हे वळले. आधी माझ्याकडे पाहिलं, मग यामिनीकडे. यामिनीने मान खाली घातली. झालं, सगळं समजलं ह्यांना.

"कधीपासून माहितीय?" हळू आवाजात.

"सोमवारपासून."

"आणि मी कचोऱ्या खात होतो." कान लालबुंद झाले होते. मग माइककडे वळून खणखणीत म्हणाले, "मॉरिशसने ऐकलंय, तर सुदामा नगरनेही ऐकावं. उत्तररंग आता ह्या करतील."

हे औदार्य नव्हतं बरं का. राग होता तो, शंभर टक्के. मनोरमेला हाताने खूण करून उठवलं आणि हार गळ्यात तसाच ठेवून पेटीवर जाऊन बसले. काढला नाही तो नाहीच. मी पदर खोचला. खरं सांगते, आतून आनंदाच्या उकळ्या फुटत होत्या. लाजच नाही मला.

ह्यांनी सूर दिला तो मुद्दाम स्वतःच्या पट्टीतला, पुरुषी, खालचा, काळी एक. मी पहिली ओळ म्हटली ती विहिरीतून आल्यासारखी. पुढच्या रांगेतल्या बायका एकमेकींकडे बघायला लागल्या. मी थांबले, आणि माइक समोरच आहे हे विसरून म्हणाले, "बुवा, पट्टी वर घ्या. हे कीर्तन बाईचं आहे."

हॉल खो खो हसला. ह्यांचा चेहरा बघण्यासारखा झाला. ओठ घट्ट मिटलेले, पण हार हलायला लागला, म्हणजे पोटातून हसू येत होतं. पट्टी वर गेली.

मग काय, माझ्या अंगात आलं. मी थाळी घासली, पालथी घातली, ऋषींना दारात बघून कपाळावर हात मारला. थाळीला चिकटलेलं भाजीचं पान कृष्णाने कसं शोधलं, ते मी स्टेजवर खाली वाकून दाखवलं. पेटी माझ्याबरोबर होती. मी थांबले की थांबत होती, मी धावले की धावत होती. संसारात बेचाळीस वर्षांत ह्यांनी माझं एवढं ऐकलं नसेल.

आरती झाली. कीर्तनकार उभा असतो तोवर ती नारदाची गादी, त्यामुळे वयाने लहान असो की मोठा, सगळे त्याच्या पाया पडतात. तशी रांग लागली. जयसिंगराव पडले, मनोरमा पडली, यामिनीने एका हाताने फोटो काढत नमस्कार उरकला. आणि रांगेत सगळ्यांत शेवटी हे.

मी पाय मागे घेतले. "अहो, नका ना. तुम्ही कशाला?"

"गप्प उभी राहा," हे म्हणाले. "गादीवर आहेस."

आणि खाली बसले. चांगलं डोकं टेकवलं माझ्या पायांवर. हार पुढे लोंबला, झेंडूच्या पाकळ्या माझ्या बोटांत अडकल्या. मला रडू फुटलं. एक मिनिट झालं, दोन झाली, हे उठेचनात.

"काय झालं हो?"

"गुडघा धरलाय," खालून आवाज आला.

एका काखेत जयसिंगरावांनी हात घातला, दुसऱ्या काखेत मी, आणि दोघांनी "हं, हं" करत उभं केलं. माझा खांदा घट्ट धरून, कण्हत, सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात हे म्हणाले, "चार महिने रोज वाकायचं म्हणजे आधी डॉक्टरला गुडघा दाखवायला हवा. उद्या सकाळची वेळ घे."

मी तिथूनच, गादीवरूनच ओरडले, "यामिनी, मेल टाक! दोघं येतोय म्हणून लिही!"