चंचलची लिफ्टर

“घे!”

रोपाची पिशवी मी वर केली. ट्रॉलीवरची नीतू पाठमोरी उभी राहून आवळ्याची रोपं रचत होती. तिनं वळूनही पाहिलं नाही. हात मागे आला, पिशवी घेतली आणि गेला. नवेगाव बांधच्या आमच्या रोपवाटिकेत जून लागला की हेच काम. मी खालून देते, नीतू वरून घेते, आणि दर पिशवीला मी एकदा ओरडते.

“धनाबाई, तुझा आवाज आला का माझा हात आपोआपच येते,” नीतू म्हणाली.

तेवढ्यात चौकीदार उदारामकाका सायकलवरून उतरले. उतरण्याआधीच त्यांची बातमी सुरू झाली होती.

“पायलीस का वो धनवंता? बस स्टँडवर चंचलचा बॅनर लागला. दहा फुटाचा! सारे पुढारी आहेत त्याच्यावर.”

“आन् चंचल?”

“ते बी आहे. कोपऱ्यात.”

मला जरा बरं वाटलं. खोटं कशाला बोलू?

“पुढच्या महिन्यात एशियाची मोठी स्पर्धा आहे म्हनते,” काका नीतूला सांगू लागले. “आपल्या गावची पोरगी भारताच्या टीममंधी. आन् हे धनवंता तिच्याच संग खेळत होती, शाळेत.”

“खरंच का वो? तू का खेळत होतीस?”

“मी बॉल आनून देत होती,” मी म्हटलं आणि पुढची पिशवी उचलली.

चंचल मडावीचं नाव निघालं की माझ्या पोटात दुखतं. बारा वर्षं झाली, दुखणं काही जुनं होत नाही. लोक म्हणतात, मैत्रिणीचं कौतुक असावं. असावं ना. ज्यांची मैत्रीण बाराशे मैलांवर राहते आणि फक्त चांगली पत्रं लिहिते, त्यांना जमत असेल. माझी मैत्रीण बस स्टँडवर टांगलेली आहे आणि मला रोज तिच्याखालून कामावर जायचं आहे.

आमच्या शाळेचं पटांगण तलावाच्या पाळीला लागून होतं. गुरुजींनी जागा मिळाली तसं हॉलीबॉलचं कोर्ट आखलं, पूर्व-पश्चिम. कोर्ट उत्तर-दक्षिण आखतात, नाहीतर ऊन डोळ्यांत जातं, हे आम्हाला पार गोंदियाला गेल्यावर कळलं. मुलींना मिळालेली बाजू उगवतीची. म्हणजे संध्याकाळी नेटकडे तोंड केलं की समोर मावळता सूर्य, आणि त्याच्याखाली तलावातला दुसरा. चंचलला बॉल दिसायचाच नाही. ती डोळे मिटून धावायची. मी लिफ्टर, म्हणजे तिला बॉल उंच करून देणारी, नेटजवळ उभी. बॉल माझ्या बोटांतून सुटताना मी ओरडायची, “घे!” आणि त्या आवाजावर तिचा पाय जमिनीवरून उठायचा. ती हवेत, बॉल हवेत, आणि पलीकडच्या पोरी पळायच्या. सगळं गाव म्हणायचं, काय स्मॅश मारते! बॉल तिथपर्यंत कुणी नेऊन ठेवला, हे कोण बघतो? वरणाला चव आली तर चुलीचं नाव कोणी घेत नाही.

गोंदियाच्या निवडीत दोघींनी सगळ्या टीम झोडपल्या. मग त्यांनी उंची मोजली. चंचल पाच फूट अकरा. मी पाच फूट एक. निवडणारे साहेब भले माणूस होते, म्हणाले, “हात फार चांगले आहेत गं तुझे.” ते मला माहीत होतं. चंचल तिथूनच खेळाच्या हॉस्टेलला गेली, आणि तिची रिकामी पिशवी तिच्या आईला द्यायला मी एसटीनं परत आणली. बाकी काही झालं नाही. कुणी मला फसवलं नाही, कुणी आडवं आलं नाही. म्हणून तर शिव्या कुणाला द्यायच्या हेही कळत नाही.

दुपारच्या सुट्टीत फोन वाजला. चंचल. कॅम्पमधून.

“धना, जेवलीस का वो?”

“जेवून रायली. बोल.”

“मॅची पायतेस का माह्या?”

“कधीमधी,” मी म्हटलं. एकही सोडलेली नव्हती.

“माहं काहीतरी बिघडलं वो. हात तोच, पाय तोच, पन बॉल बसूनच नाही रायला. कोच व्हिडिओ लावून लावून दाखवते. म्हनते, आधा कदम लेट. काऊन लेट, हे कोनालेच नाही समजत. इतवारी नाही जमलं तं बाहेर बसवतीन. तू पायलं असशीन नं. का दिसते तुले?”

मला दिसत होतं. पहिल्याच सराव सामन्यात दिसलं होतं. हॉस्टेलपासून आतापर्यंत तिला ज्या लिफ्टर मिळाल्या, त्या सगळ्या बोलघेवड्या. गेल्या वर्षापर्यंतची हरियाणाची तर भांडल्यासारखी ओरडायची. ती निवृत्त झाली आणि केरळची नवी पोरगी आली. हात लोण्याचे, पण तोंड शिवलेलं. चंचल अजूनही कानानंच खेळत होती, आणि हे जगात मला एकटीला ठाऊक होतं. खुद्द तिलाही नाही.

घासभर भात तोंडात होता. तो मी सावकाश चावला.

“मले का समजते वो त्यातलं?” मी म्हटलं. “वजन वाढलं असन तुहं.”

ती म्हणाली, “हो, असन.” फोन बंद झाला.

त्या दुपारी मी इतक्या झपाट्यानं पिशव्या दिल्या की नीतू हात जोडायला लागली. बारा वर्षांत पहिल्यांदा चंचलकडे नसलेली वस्तू माझ्याकडे होती. ती मी का द्यावी?

रविवारी संध्याकाळी सराव सामना होता, म्हणून पानवाल्या गुड्डूनं पानठेल्यासमोर टीव्ही मांडला. आमच्या गावात भारतीय टीमचं भवितव्य पानठेल्यावर ठरतं.

“यंदा एशियात पहिल्या चारात पक्के,” गुड्डू चुना लावत म्हणाला. “मी लिहून देतो.”

“मेडल बी येते,” उदारामकाका म्हणाले.

मला तसं वाटत नव्हतं. बॉल उचलणाऱ्या पोरी चांगल्या होत्या, सर्व्हिस बरी होती, पण डाव्या कोपऱ्यातून चंचलचा हात चालला नाही तर ही टीम पहिल्या आठातही येणार नव्हती. हे सांगायला गुड्डूचा चुना लागत नाही.

चंचलची आई सुशिलाकाकी पुढे खुर्चीवर बसली होती. पहिल्या सेटमध्ये चंचलचे तीन बॉल नेटमध्ये गेले. दुसऱ्या सेटच्या सुरुवातीला आणखी दोन. मग खेळाडू बदलायची पाटी वर झाली आणि चंचल बाहेर आली. सुशिलाकाकी मागे वळून मला म्हणाली, “धना, तू तं संग खेळलीस. का झालं वो माह्या पोरीले?”

मी मान हलवली. आत गुदगुल्या होत होत्या, हे मी आज कबूल करते. दहा फुटांच्या बॅनरवरची बाई खांद्यावर टॉवेल टाकून बाकावर बसली होती, माझ्यासारखीच, बघत.

तेवढ्यात टीव्हीवरचा माणूस म्हणाला, “देखिए, इनकी शुरुआती ट्रेनिंग गाँव में हुई है. बेसिक वहीं कच्चे रह गए.”

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली.

बेसिक कच्चे? त्या गावात तिला एक गुरुजी, एक फाटकं नेट आणि एक मी, एवढंच होतं. गुरुजींना तर सर्व्हिससुद्धा येत नव्हती. म्हणजे कच्ची मी! माझ्या बॉलवर वाढलेली पोरगी बाकावर बसते आणि टायवाला माणूस माझ्या हातांना नाव ठेवतो? लोकांना मी चांगुलपणानं केलं असं वाटावं, अशी माझी इच्छा नाही. मी रागानं केलं.

तलावाच्या पाळीवर जाऊन फोनमध्ये आवाज भरून तिला पाठवला. “चंचल, कान देऊन आयक. तू डोऱ्यानं नाही खेळत, कानानं खेळतेस. शाळेत समोर ऊन राहे, म्हनून मी आवाज देत होती आन् तू त्याच्यावर उडत होतीस. बाकीच्या लिफ्टरनी बी आवाजच देल्ला. हे नवी मुकी आहे. तिले म्हन, बॉल सोडताना ‘घे’ म्हन. हातातून सुटतानाच, नंतर नाही. तुहं वजनगिजन काही नाही वाढलं.”

शेवटचं वाक्य बोलताना जड गेलं, पण पाठवलं.

तिचं उत्तर आलं ते रडणं होतं की हसणं, मला नीट कळलं नाही.

बुधवारच्या सामन्यात सुरुवातीला तिला बाहेरच ठेवलं होतं. दुसऱ्या सेटला आत घेतलं. केरळची पोरगी नेटजवळ गेली, बॉल तिच्या बोटांवर आला आणि तिचं शिवलेलं तोंड उघडलं. टीव्हीच्या गोंगाटात काही ऐकू आलं नाही. ओठ मात्र मी पाहिले. चंचल उठली. असा वाजला बॉल की सुशिलाकाकी खुर्चीवरून उभी झाली.

मग थांबलंच नाही. सामना जिंकला. शेवटी माइकवाल्या मुलीनं चंचलला गाठलं. “आपकी नई सेटर हर बॉल पे कुछ चिल्ला रही थीं. ‘घे’? ये क्या है?”

चंचल धापा टाकत हसली. “वो हमारे गाँव का है. हमारे गाँव में ऐसे ही खेलते हैं.”

पानठेल्यावर एकच गलका झाला. गुड्डूनं सगळ्यांना फुकट तंबाखूचा खर्रा वाटला. “आपल्या गावाचा शब्द!” उदारामकाका येणाऱ्याजाणाऱ्याला सांगत सुटले. “भारताची टीम आपल्या गावाच्या शब्दावर खेळून रायली!” जे कधी त्या पटांगणावर फिरकलेही नव्हते, तेही “घे! घे!” ओरडत होते. सुशिलाकाकीनं माझ्या हातावर पेढा ठेवला. गावातल्या प्रत्येकाच्या हातावर ठेवत होती, तसाच.

एवढ्या कल्लोळात चंचल बिचारी माझं नाव कसं घेणार, असं मी स्वतःला सांगितलं. सांगून झालं, पटलं नाही. घरी पोचले तेव्हा तिचा मेसेज होता. “धना, कोच खूश आहे. आता साऱ्या टीमले ‘घे’च म्हनायले लावलं. एशियात पहिल्या चारात येतो पाय आमी.” येतील. मलाही वाटतं येतील. आता टीममध्ये काही कमी नाही.

दुसऱ्या दिवशी बांबूची रोपं जायची होती. नीतू ट्रॉलीवर पाठमोरी उभी राहिली. मी पिशवी वर केली. ती तशीच वर राहिली. खांदा भरून आला.

नीतू वळली. “धनाबाई, आवाज काऊन नाही देऊन रायलीस वो? मले समजन कसं?”

तिचा हात हवेत रिकामाच होता. तिला त्यातलं काही ठाऊक नव्हतं.

“घे,” मी म्हटलं.

तिनं घेतली. मी दुसरी उचलली.