मावशीच्या पिशवीतल्या पेशी

मावशीचं अंग बाहेर येऊ लागलं तेव्हा डॉक्टरांनी गर्भाशयाची पिशवी काढायला सांगितलं. भाची त्याच रुग्णालयाच्या प्रयोगशाळेत होती. निरोगी गर्भाशयात चेता-अंतःस्रावी पेशी कुठे आणि किती असतात, याचा तिथे अभ्यास चालला होता. अशा पेशी थोड्या मज्जातंतूंसारख्या वागतात, थोड्या ग्रंथींसारख्या. भाचीनं भीत भीत विचारलं, तर मावशी लगेच तयार झाली.

"घे बाई. जन्मभर बसून होती, आता तरी कामाला लागू दे."

मावशीला मूलबाळ नव्हतं. बहीण गेल्यावर तिनं या पोरीला पदराखाली घेतलं आणि तिचं ठमी हे नावही तिनंच पाडलं.

शस्त्रक्रियेनंतर मावशीचा नमुना प्रयोगशाळेच्या प्रमुख मॅडम तपासणार होत्या, पण ठमीला कुठला धीर धरवतोय. तिनं काचपट्टी सूक्ष्मदर्शकाखाली सरकवली. गर्भाशयाच्या मुखाशी, ग्रंथींच्या अस्तरात, तपकिरी ठिपके. हाच रंग ती एरवी कर्करोगाच्या गाठी ओळखायला वापरायची. शिकलेलं सगळं डोक्यातून उडालं. काचपट्टी घेऊन ती मॅडमकडे धावली.

मॅडमनी सावकाश पाहिलं. "एक इथे, एक तिथे. कुठे घोळका आहे का? नाही. आपण शोधतोय त्याच या पेशी. अगदी निरोगी. तू आज भाची होऊन बघतेयस, म्हणून घाबरलीस. जा, पाणी पी."

मावशी हिंडूफिरू लागली तशी म्हणाली, "मला दाखव की माझी पिशवी."

सूक्ष्मदर्शकात तिला आधी स्वतःच्या पापण्याच दिसल्या. "केसाळ आहे गं," ती म्हणाली आणि दोघी हसत सुटल्या. मग ठमीनं तिची मान हलकेच धरून नीट बसवली.

"दिसले ठिपके. काय करतात हे?"

"याच त्या पेशी. शेजारच्या पेशींना निरोप देत असाव्यात. नक्की अजून कुणालाच माहीत नाही."

मावशी बराच वेळ डोळा लावून बसली. मग न हलता तिनं विचारलं, "आणि दोष कुठे दिसतो?"

"कसला दोष?"

"सासूबाई म्हणायच्या ना, हिच्यातच खोट आहे. यांना कुणी तपासायला नेलंच नाही. मीही मानत आले."

ठमीला खोटा दिलासा द्यायचा नव्हता. "मूल का झालं नाही, ते यावरून सांगता येत नाही, मावशी. पण यात खोट काही दिसत नाही. मॅडमनीही पाहिलंय."

मावशीनं चष्मा पुसला, डोळे पुसले, पुन्हा चष्मा पुसला.

"खूप बोलले गं मी या पिशवीला," ती म्हणाली. "मनातल्या मनात. रोज."

ठमी तिच्या शेजारी स्टुलावर टेकली आणि तिचा हात मांडीवर घेऊन बसून राहिली. बाहेरून कुणीतरी दार ढकललं, आत पाहिलं आणि आवाज न करता लोटून घेतलं.

"अजून एकदा बघू?" मावशीनं विचारलं.

"बघ की. घाई कुणाला आहे?"

या खेपेला तिनं मान स्वतःच नीट बसवली.